आईवर न झालेली केस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही. तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हतात, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांनी माझ्याकडून एक वेगळी गोष्ट ऐकलेली आहे आणि ती त्यांना पाठ झालीय. त्या गोष्टीत मी बिचारी असते.

ती आधी सांगते, म्हणजे तुम्हाला फरक कळेल. मी आरोग्य केंद्रात नर्स होते. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, घरातच झालं. आई सुईण होती. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी गोड बोलून ते माझ्याकडून काढून घेतलं, कुणाला सांगणार नाही म्हणाले, आणि भर मेळाव्यात माझ्या आईचा पाणउतारा केला. मला फसवलं. ऐकणारे चुकचुकतात, डॉक्टरांना नावं ठेवतात. मीही ठेवते. इतकी वर्षं ठेवतेय की आता कधीकधी माझ्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. कुणाचं येणार नाही, इतक्यांदा सांगितल्यावर?

आमचं घर विरारजवळच्या निर्मळ गावाच्या एका टोकाला, केळीच्या वाडीत. आई मात्र तिथली नव्हे. ती मिठागरांच्या बाजूच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन आली, आणि तिची बोली काही सुटली नाही. आम्ही शाळेत जाणारी पोरं तिच्या 'पानी'ला हसायचो. सगळ्यांत जास्त मी हसायचे. दिवसा ती लोकांच्या वाड्यांत फुलं खुडायची आणि बोलावणं आलं की हातातलं टाकून बाळंतपणाला जायची.

तिला देवी करून सांगत नाही हं मी. ती तापट होती, मिश्री लावायची, बाळंतिणीच्या सासूशी तिचं हटकून वाजायचं. तिच्या हातून सगळंच सुखरूप झालं असंही नाही. एक बाई तिच्या हातात गेली होती. ते घर लागलं की आई रस्ता बदलायची. पण नव्वदच्या सुमाराला सरकारनं गावोगावच्या सुइणींना शिकवलं, एकेक ॲल्युमिनियमची पेटी दिली — ब्लेड, दोरा, साबण, प्लास्टिकचा कागद. ती पेटी आईनं देवांच्या फळीवर ठेवली. राखेनं घासून लख्ख करायची. सरकारनं आपल्याला पेटी दिली, म्हणजे सरकार आपल्याला ओळखतं, असं तिला मनापासून वाटायचं.

मग मी नर्स झाले. कंत्राटी, दर वर्षी नवी ऑर्डर. आई फुलं खुडणाऱ्या बायकांना सांगत सुटली, माझी पोरगी आता माझ्या वरची हाय. आणि मी — मी केंद्रात कुणाला सांगितलं नव्हतं की माझी आई सुईण आहे. कुणी विचारलंच नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

दोन हजार सालाच्या आगेमागे वरून हुकूम आला: प्रत्येक बाळंतपण दवाखान्यात झालं पाहिजे. हुकूम चांगलाच होता. मी रक्ताच्या थारोळ्यात आलेल्या बाया पाहिल्यात, त्याची टिंगल मी करणार नाही. पण हुकूम बायकांच्या गळी उतरवायचा कसा? त्यांना दवाखाना नको असायचा. समजावून सांगायला वेळ लागतो, चारदा जावं लागतं, चहा प्यावा लागतो, सासूची बडबड ऐकावी लागते. मी जवळचा रस्ता काढला. मी सांगायला लागले, घरी बाळंतपण केलं तर पोलीस केस होते. करणारीवर होते आणि करून घेणारीवरही. मुलाला जन्माचा दाखला मिळत नाही. दाखला नाही तर शाळा नाही.

असा कायदा नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. घरी जन्मलेल्या मुलाची नोंद करायची असते, इतकंच. घरातल्या माणसानं ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं, की झालं. मला हे पक्कं माहीत होतं, आम्हाला शिकवलं होतं. पण माझ्या खोट्याचा गुण आला. बाया घाबरून केंद्रात यायला लागल्या, आणि डॉक्टर बैठकीत म्हणाले, बघा, नंदाखाल-निर्मळच्या बाजूला सिस्टरनी किती चांगलं काम केलंय. मग ते खोटं मी दारोदार वाटलं, आमच्या ओट्यावर बसलेल्या बायकांनाही सांगितलं. आई तिथेच वाती वळत होती. बायका गेल्यावर तिनं विचारलं, खरंच केस करतात काय गो? मी हो म्हणाले. आईला निराळं कशाला सांगायचं, चार ठिकाणी बोलून बसेल, एवढाच विचार केला. दुसऱ्या दिवसापासून तिनं बोलावण्यांना नाही म्हणायला सुरुवात केली. पेटी फळीवर तशीच राहिली, घासणं मात्र चालू होतं.

आणि मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात विरारच्या फ्लॅटमधून मी आईकडे आले. नाव माझ्याच केंद्रात घातलेलं होतं. दिवस भरल्यावर एका सकाळी कळा सुरू झाल्या.

आता नीट ऐका, कारण पुढे मी जे केलं ते कळायला हे लागेल. आई म्हणाली, चल दवाखान्यात. तिनंच शेजारच्यांचा भाजीचा टेम्पो अंगणात आणून उभा केला. टेम्पोत गोधडी घातली. माझी पिशवी नेऊन ठेवली. मीच जात नव्हते.

का? सांगते — आणि हेही कुणाला सांगितलेलं नाही. मला ते टेबल माहीत होतं. त्या टेबलावर आडव्या झालेल्या बायकांना आम्ही काय काय बोलायचो ते माहीत होतं. ओरडू नको, तेव्हा नाही ओरडलीस. पाय फाक, आता कसली लाज. मांडीवर फटकेही बसायचे, आणि ते देणाऱ्या हातांत माझेही हात होते. माझ्याबरोबरच्या बायका वाईट नव्हत्या, मीही स्वतःला वाईट समजत नव्हते. दिवसभर राबलं की माणूस असं बोलतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या टेबलावर स्वतः चढायचं? दार धरून ठेवलं मी. आईला म्हटलं, माझं काही होणार नाही, मी सरकारची नर्स आहे, माझ्यावर कोण केस करतंय? तू कर. मला तूच हवीस.

दुपार कलेपर्यंत टेम्पो अंगणात उभा होता. येणारा-जाणारा विचारत होता, आणि आई कुंपणाशी जाऊन सांगत होती, येत नाय ती, ऐकत नाय. शेवटी तिनं हात धुतले आणि पेटी खाली काढली. मी खिडकीचे गज धरून उभी होते आणि ती माझी कंबर दाबत होती. एक शब्द वावगा बोलली नाही. ती, जी सगळ्या गावच्या सासवांशी भांडायची! माझी मुलगी झाली, रडली, सगळं सुरळीत पार पडलं. आईनं बाळाची वार विहिरीमागे पुरली आणि वर कोंब आलेला नारळ लावला. आमच्याकडे तशी रीत आहे, दवाखान्यातल्या बाळंतपणामुळे ती मोडत चालली होती. मुलीबरोबर माड वाढेल, म्हणाली.

मी इतकी सुखात कधीच नव्हते. हे मुद्दाम सांगतेय. कुणी छळलं म्हणून मी पुढचं केलं, असं तुम्हाला वाटायला नको.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर बाळाला बघायला आले. गावात जीप आलीच होती, म्हणून वाकडी वाट करून आले. ओट्यावर खुर्चीत बसले, मी आत, दाराशी. आई लगबगीनं त्यांच्यासाठी शहाळं आणायला वाडीत गेली. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, आमच्याच सिस्टर घरी बाळंत झाल्या, आता आम्ही लोकांना काय तोंड दाखवायचं? मग माझा चेहरा पाहून स्वतःच म्हणाले, "गाडी मिळाली नसेल वेळेवर. होतं असं."

तुम्ही म्हणाल, मग 'हो' म्हणायचं. एवढंच तर होतं. पण टेम्पो सगळ्या गावानं पाहिला होता. पकडली गेले असते तर? माझी ऑर्डर संपत आली होती. आणि नुसती भीती असती तरी एक वेळ ठीक होतं. मला त्यांच्या बाजूचं दिसायचं होतं. शिकलेल्यांच्या बाजूचं. आईच्या बोलीला हसणारी ती शाळेतली पोर — तीच बोलली बहुतेक. "गाडी होती, सर. आईनं जाऊ दिलं नाही. जुनी माणसं आहेत, ऐकत नाहीत."

कुणी काढून घेतलं नाही माझ्याकडून. गोड बोलून नाही, दरडावून नाही. आपण होऊन दिलं मी. डॉक्टर म्हणाले, तुमचं नाव मी कुठे घेणार नाही. तेवढ्यात आई शहाळं घेऊन आली. कोयत्यानं तासून, भोक पाडून तिनं ते त्यांच्या हातात दिलं. ते प्यायले आणि गेले.

त्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात मातांचा मेळावा होता. आदल्या संध्याकाळी केंद्राचं काम करणारी गावातली एक ताई आईला सांगून गेली, उद्या डॉक्टर तुला उभं करणार आहेत, पेटी घेऊन ये म्हणालेत, लेकीला अडवलंस म्हणे. आई आत आली. मी मुलीला पाजत होते. ती माझ्यासमोर बसली, आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी पदर सारखा करायच्या निमित्तानं मान खाली घातली.

"मी कवा अडवलं गो तुला?"

मी मुलीला दुसऱ्या अंगावर घेतलं. आई म्हणजे काही खुळी नव्हती. तिला कळलं. तिचा चेहरा मी ओझरता पाहिला — राग नव्हता हो, राग असता तर मी भांडले असते. ज्या हातांवर विसंबून राहिलो त्याच हातांनी ढकलावं, तसं तिला झालं होतं. मग तिची नजर बाळाकडे गेली. आणि तिनं विचारलं, "खरं सांगितलं तर केस कोनावर व्हईल? तुझ्यावर?"

हेच ते. इथवर यायला मला एवढे फाटे फोडावे लागले. डॉक्टरांसमोर बोलले ते भीतीनं असेल, तोऱ्यात असेल, तोंडातून निसटलं असंही म्हणता येईल. पण या वेळी समोर फक्त आई होती. दार लोटलेलं होतं. अशी केस नसतेच आई, मी बायकांना खोटं सांगत होते — एवढं वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर उद्या तिनं मेळाव्यात खरं सांगितलं असतं, आणि माझी नाचक्की झाली असती. म्हणून मी म्हणाले, "होऊ शकते."

"आनि पोरीचा दाखला?"

"अडकेल."

"मग मी सांगन," आई म्हणाली. "मीच अडवलं म्हनून." आणि उठून माझ्यासाठी शेगडी पेटवायला गेली.

मेळाव्याला मी नव्हते. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. एरवी मी असल्या रिवाजांना नाकं मुरडायचे, त्या दिवशी तो मला फार सोयीचा वाटला. पण लाउडस्पीकर होता. वाडीतून सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर अज्ञानाबद्दल बोलले, सुइणींच्या हट्टाबद्दल बोलले. म्हणाले, आपल्या गावात एका आईनं पोटच्या पोरीला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. शब्द पाळला. आईचं घेतलं. मग माइक तिच्यासमोर धरला असावा, कारण तिचा श्वास ऐकू आला. आईचा आवाज मी माइकवर पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, हो, मीच अडवलं, पोरीचा काय दोष नाय. सगळ्या गावानं टेम्पो पाहिला होता, कुंपणाशी उभी राहून ती काय सांगत होती ते ऐकलं होतं. पटांगणात एक बाई बोलली नाही. नर्सबाईच्या आईविरुद्ध नर्सबाईच बोललीय म्हटल्यावर कोण बोलणार?

पेटी तिथेच जमा झाली. आई रिकाम्या हातानं घरी आली, पाणी तापवलं, आणि रोजच्यासारखी मला तेल लावून अंघोळ घातली. पाठ रगडताना तिचे हात नेहमीपेक्षा हलके लागत होते. मी डोळ्यांत साबण गेल्याचं सोंग केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात नवऱ्यानं अर्धी रजा टाकून ग्रामपंचायतीत नोंद केली. तिथल्या माणसानं विचारलं, घरी झालं का? बरं, पेढे कुठायत? यापलीकडे काही नाही. नवरा हे मला दारातून सांगून विरारला परत गेला. आई वाडीत होती. ती आल्यावर मी काय सांगितलं असेल? मोठ्या मिनतवारीनं मिळाला दाखला, म्हणाले. आईनं हात जोडले.

मला वाटलं होतं, विसरेल ती. पुढे पोलिओच्या डोसाची सरकारी जीप आमच्या कुंपणाशी थांबली, तर आई केळींच्या मागे जाऊन बसली. जीप गेल्यावर तिनं विहिरीमागचा ते नारळाचं रोप ओढून काढलं, खड्डा बुजवला, वर झावळ्या टाकल्या. म्हणाली, हितं कोनी खनलं तर पुरावा निघंल. पानं फुटली होती त्याला. मी मुलीला कडेवर घेऊन पाहत उभी होते, आणि तेव्हाही बोलता आलं असतं.

पुढे शेजारच्या घरची सून अडली. ज्यांचा टेम्पो अंगणात उभा राहिला होता, तेच घर. टेम्पो बाहेर गेलेला, रिक्षा येईना. सासू धावत आली, आईचे पाय धरले. आई हात मागे बांधून कुंपणाच्या आत उभी राहिली, कायदा हाय म्हणत. रिक्षा आली, आणि ती पोर आगाशीच्या बाजाराशी रिक्षातच बाळंत झाली. दोघं जगली, देवाची कृपा. पण त्या घरानं आईशी बोलणं टाकलं ते कायमचं. स्वतःच्या लेकीचं केलंस, आमच्या वेळी हात बांधलेस, असं सासू रस्त्यात म्हणाली. त्या घरातली सगळी पोरं आईच्या हातांवर झाली होती. त्यांना दगा दिल्यासारखं वाटलं, आणि आईनं तो दगा आपल्या पदरात घेतला. मला दोष दिला नाही. मला तर पुढे कायमची ऑर्डर मिळाली.

आईनं मला माफ केलं होतं का? नाही, मला तसं वाटत नाही. ती माझ्या हातचं खायची, माझ्या मुलीवर जीव टाकायची, पण माझ्या घरी विरारला राहायला कधी आली नाही. माझ्यासमोर माझी पोरगी म्हणणंही तिनं सोडलं होतं. तुमच्या नर्सबाई, म्हणायची.

शेवटचे दिवस तिनं विरारच्या एका इस्पितळात काढले. खाकी कपड्यातला वॉचमन वॉर्डाच्या दारात येऊन गेला, आणि तिनं चादर तोंडावर ओढली. तो गेल्यावर मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता. मुलगी बाहेर बाकावर अभ्यास करत बसली होती, शाळेच्या गणवेशात.

"ती केस," आई म्हणाली, "मिटली काय गो?"

मी तिचा हात हातात घेतला. माझ्या मुलीला ज्यांनी पहिल्यांदा धरलं, ते हात. आजूबाजूला कुणी नव्हतं, नोकरी पक्की होती, मला कसलीच भीती नव्हती. नुसतं खरं बोलायचं होतं. पण मग ती विचारणार होती, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. ते ऐकायचं नव्हतं मला.

"मिटली, आई," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं आपला हात सोडवून घेतला.